फुप्फुसाची चुगली

"नाकात काहीच नव्हतं," डॉक्टर प्यो हातातला कागद उलटत म्हणाल्या. "म्हणून परवा नळी घालून फुप्फुसात थोडं पाणी सोडलं आणि परत ओढून घेतलं. त्यात सापडला."

"कोण सापडला?" मा दोकसू ओरडले. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे सगळं जगच बहिरं आहे अशा सुरात ते बोलत.

"विषाणू, आजोबा. बहुतेक वेळा हा लहान मुलांकडून येतो. घरात एखादं तान्हं बाळ आहे का?"

दोकसूंनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. बिचाऱ्या नाकानं इमानानं गुपित राखलं होतं, आणि या फितूर फुप्फुसानं चार चमचे पाण्यात सगळं ओकून टाकलं!

"आमच्या घरात बाळबीळ कुणी नाही," शेजारच्या स्टुलावर नाशपाती सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, बोंगनिमबाईंनी, परस्पर सांगून टाकलं आणि त्या खोकल्या.

आता बाळ होतं, पण त्या घरात नव्हतं. गेल्या वर्षी हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला सगळे जमले असताना नव्या सुनेनं, दासोमनं, कोबीचं एक पान तोंडात टाकलं आणि म्हणाली, "आई, जरा खारट झालीय." झालं! चाळीस वर्षं ज्यांच्या किमचीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, त्या बोंगनिमबाईंनी तिखटानं माखलेले हातमोजे काढून टबात आपटले. आजपासून मुलाचं आणि सुनेचं नाव या घरात निघायचं नाही आणि इथलं कुणी त्यांच्या दारात जायचं नाही! त्याला तेरा महिने झाले. मधे गाउल नावाची नात जन्मली, तरी हुकूम कायम.

दोकसू हुकूम पाळत होते. फक्त गुरुवार सोडून. गुरुवारी ते पटावर बदुकचे डाव खेळायला म्हणून बाहेर पडत आणि बस पकडून थेट मुलाच्या नवव्या मजल्यावरच्या घरी जात. नातीला पोटावर झोपवून दोन तास हलत नसत. दासोमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये 'नळदुरुस्ती' या नावानं होता.

"मग बाहेर कुठे संबंध आला?" डॉक्टरांनी पेन उघडलं.

"बसमध्ये. एक पोरगं शिंकलं. थेट तोंडावर!"

त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं. बदुकचे किती डाव हरलात याचीही उलटतपासणी घेणारी ही बाई. पण बोंगनिमबाईंनी जोरजोरात मान हलवली. "बसमधलंच असणार, डॉक्टरबाई. लिहून टाका आणि मिटवा."

दोकसूंना हायसं वाटलं.

"तुम्हालाही खोकला दिसतोय, आजी. तुमचाही नमुना घेऊ या का?"

"मुळीच नको! मला काय धाड भरलीय? तिखट गेलंय घशात."

गेले दहा दिवस त्यांच्या घशात तिखट जात होतं. पण सांगणार कोण? काल नवऱ्याच्या नाकाला प्राणवायूची नळी असतानाही त्यांनी दर मंगळवारची सार्वजनिक न्हाणीघरातली गरम पाण्याची अंघोळ चुकवली नव्हती. डब्यातून किमची मात्र रोज न चुकता आणत. ती हल्ली दोकसूंना कमी खारट लागे. आजारानं जीभ गेली, दुसरं काय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

डॉक्टर प्यो उठल्या, पण गेल्या नाहीत. "आजोबा, बसमधलं मूल काही सापडायचं नाही. पण एखादं बाळ खरंच तुमच्याजवळ आलं असेल, तर त्याच्या आईबापांना आजच सांगायला हवं. तुमच्यासारखा दणकट माणूस या विषाणूनं आडवा पडला. एवढ्याशा जिवाचा श्वास बघता बघता कोंडतो."

दोकसूंना गाउलचं वाहणारं नाक आठवलं. आपल्याच रुमालानं त्यांनी ते पुसलं होतं. त्याला तेरा दिवस झाले. पुढच्या गुरुवारी ते तापानं फणफणले होते आणि शुक्रवारपासून इथे पडून होते. खाटेशी बोंगनिमबाईंचा पहारा, आणि त्या नसल्या तरी दोकसूंचं ओरडणं अख्ख्या खोलीला ऐकू जाई, त्यामुळे फोनची सोय नव्हती. पोर कशी असेल? असेल ना?



"डॉक्टरबाई, बस खोटी आहे," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "अगं, बदुकही खोटं आहे. दर गुरुवारी मी नातीकडे जातो. तुला काय करायचं ते कर. घरातून हाकलून दे. पण आधी मला फोन करू दे."

नाशपातीची लांबलचक साल मधेच तुटली. बोंगनिमबाईंनी मान वर केली नाही.

दोकसूंनी फोन काढला.

"आता नळवाल्याला कशाला फोन?" पडद्यावरचं नाव वाचून बोंगनिमबाई पुटपुटल्या.

नेहमीच्या सवयीनं फोनचा आवाज मोठा करून दोकसू अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असे ओरडले, "सूनबाई! तुझ्या सासूसमोर सगळं कबूल केलंय मी! आता लपवाछपवी नको! गाउल कशी आहे? श्वास नीट घेते ना?"

"अहो बाबा, टुणटुणीत आहे! चार दिवस ताप होता, तो केव्हाच उतरला. आता घरभर रांगते."

दोकसूंनी डोळे पुसले. समोरच्या खाटेवरचा म्हातारा उगाचच टाळ्या वाजवायला लागला. डॉक्टर प्यो हसल्या आणि त्यांनी कागदावरची बस खोडली.

"पण आईंना सगळं कळलं, हे बरं झालं! सुटले बाई एकदाची!" फोनमधून दासोमचा आवाज खणखणीत आला. "मग आता त्यांना सांगायला हरकत नाही ना, बाबा? काल मंगळवारी त्यांनी इकडे आणलेली किमची अगदी बेताच्या मिठाची होती म्हणावं."