वाढत्या अंगाचा फ्रॉक

"हा चष्मा कुठून आला?" वकीलबाईंनी चित्रावर बोट ठेवलं. "पुस्तकातल्या भिंगरीला चष्मा नाही."

"सोळाव्या वर्षी लागला," समोर बसलेल्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "घराण्यातच आहे तिच्या."

वकीलबाईंना हसू आवरेना. कागदावरची पोर, आणि तिला म्हणे घराणं! पण बाईंचा चेहरा गंभीर होता, म्हणून त्यांनी हसू गिळलं आणि पुढचं चित्र उचललं.

प्रकाशन कंपनीच्या बैठकीच्या खोलीत तिघंच होते. भिंतीवर भिंगरीचं मोठं चित्र लावलेलं. सात वर्षांची, दोन वेण्या, पिवळा फ्रॉक, एक मोजा घसरलेला. गेली वीस वर्षं ती अशीच धावत होती आणि तिच्या जिवावर कंपनीही. टेबलाच्या टोकाला तिचे चित्रकार बसले होते. असल्या कामांना ते कधी फिरकत नसत, एकटे राहत, फोनसुद्धा उचलत नसत. आज मात्र न बोलावता आले होते, आणि आल्यापासून चष्मा पुसत खाली मान घालून बसले होते.

चहा आला. शिपायानं चित्रकारांच्या उजव्या हाताशी कप ठेवला. शिवणवाल्या बाईंनी तो न बोलता डावीकडे सरकवून ठेवला. काहींना टापटिपीची खोडच असते, वकीलबाईंना वाटलं.

"हे बघा," त्या समजुतीनं म्हणाल्या, "तुमचा हात छान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भिंगरी कंपनीच्या मालकीची आहे. चित्र तुम्ही काढलंत तरी ते बाजारात मांडून विकता येत नाही. खाली मूळ चित्रकाराचं नाव टाकलंत, चांगलं केलंत. पण नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. आणि वय वाढवलं म्हणून ती काही दुसरी कुणी होत नाही."

"नाहीच होत," बाई चटकन म्हणाल्या. "तीच आहे ती."

आता यावर काय बोलणार? आरोपी स्वतःच फिर्यादीची बाजू मांडायला लागला, तर वकिलानं करायचं तरी काय!

रविवारच्या बाजारात बाईंचा छोटासा ठेला होता. तिथे कापडी पिशव्यांच्या शेजारी ही चित्रं टांगलेली असत. आठ वर्षांची भिंगरी, नऊ वर्षांची, सायकलवरून पडलेली, कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलेली, नोकरीच्या पहिल्या दिवशी घाबरलेली. आठव्या वर्षाच्या चित्रात फ्रॉकची खालची दुमड सोडलेली होती, आणि जिथे ऊन लागलं नव्हतं तिथली पट्टी जरा गडद पिवळी दिसत होती. एवढं बारीक कोण बघतं, वकीलबाईंच्या मनात आलं.

"दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "घरी बसून हवी तितकी काढा, कुणी अडवणार नाही. नाहीतर रीतसर परवाना घ्या आणि पुस्तकातल्यासारखी काढा. सात वर्षांची."

"सात वर्षांची नको मला."

"मग नेमकं काय हवंय तुम्हाला?"

"वर्षाला एक चित्र. दर वर्षी एका वर्षानं मोठी. ती लोकांनी घरी न्यावी. कुणाच्या स्वयंपाकघरात लावतील, कुणी जिन्यात. चार घरांत वावरेल तरी." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "यंदा तिच्या कडेवर मूल द्यायचं होतं."

वकीलबाईंनी चित्रकारांकडे पाहिलं. त्यांच्या करारातली अट साऱ्या कंपनीला पाठ होती. भिंगरीची खेळणी काढा, दप्तरं काढा, वाटेल ते करा, पण तिचं वय एक दिवसानंही वाढता कामा नये.

"नाही," चित्रकार टेबलाशीच बोलले. "ती सातचीच राहील."

"पण का?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वीस वर्षं एकाच जागी धरून ठेवलंयत तिला. दमली असेल हो ती!"

"मोठी झाली तर मला ओळखू येणार नाही," ते म्हणाले. पुन्हा चष्मा काढून पुसायला लागले.

आपला तो बाब्या, वकीलबाई मनात म्हणाल्या. कलावंतांशी वाद घालू नये, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या. यापुढे ही चित्रं विकणार नाही, असं लिहिलेला कागद त्यांनी बाईंच्या सहीसाठी पुढे सरकवला.

"निदान फ्रॉक तरी बदलायचा होतात. पिवळा घेर, खिशाला एकच निळं बटण, खाली दुमडीची रेघ. हा तर हुबेहूब पुस्तकातून उचललाय."

"फ्रॉक मी उचललेला नाही."

"असं कसं? हां, पुस्तक यायच्या आधी तुम्ही तो काढला होतात असं दाखवता आलं, तर गोष्ट वेगळी."

"काढला नव्हता," बाई म्हणाल्या. "शिवला होता."

त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून मलमलीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर उलगडलं. लहानसा पिवळा फ्रॉक. रंग विटलेला. खिशाला निळं बटण. घेराखाली चार बोटं कापड आत दुमडलेलं आणि टाके जिथल्या तिथे.

वकीलबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. सहीसाठी उघडलेलं पेन त्यांनी हळूच बंद केलं.

चित्रकारांनी आता मान वर केली. त्यांचा डावा हात पुढे आला आणि अंगठा त्या दुमडीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरला.

"अजून उसवली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"वाढत्या अंगाचा शिवला होता," बाई म्हणाल्या. "पण त्यानंतर आपली पोर वाढलीच कुठे हो?"