रईसभाईचा अंदाज

“तीन हफ्ते,” रईसभाई म्हणाला.

टीव्हीच्या पडद्यावरची लाल मोटार पुन्हा कठड्यावर आदळली होती. व्हिडिओ गेमचं बटण नेमकं कधी दाबायचं, हे दीपिकाला काही केल्या उमगत नव्हतं. शेजारी बसलेली नाहीद तिला परत परत दाखवत होती आणि परत परत मोटार आदळत होती.

“तीन हफ्ते राहता नाई येत, भाऊ,” दीपिकाची आई कलाबाई म्हणाली. “मोहाची फुलं गळून राह्यली, वेचाले कोणी नाई. घरी लहान दोघं आहेत.”

“मग पाय नाई भेटणार, बाई.”

बोलणं कडक होतं, पण माणूस कडक नव्हता. चंद्रपूरच्या त्या दोन खोल्यांच्या केंद्रात रईसभाई बारा वर्षांपासून कृत्रिम पाय बनवत होता. लोक घाईघाईने पाय घेऊन जायचे. गावी गेल्यावर दोनदा पडायचे, धसका घ्यायचे, आणि पाय खुंटीला टांगून पुन्हा कुबडी धरायचे. आपल्या हातचे असे कितीतरी पाय जंगलातल्या घरांत भिंतीवर लटकत असतील, हे आठवलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून त्याने नियमच केला होता. धड चालता येईपर्यंत पाय केंद्राच्या बाहेर जाणार नाही.

आणि कुणाला किती दिवस लागतील, ते तो आधीच सांगून टाकायचा. पोरांचं मन रमावं म्हणून कुणीतरी केंद्राला टीव्ही आणि गेम दिला होता. पोरं खेळायची, रईसभाई माप घेता घेता बघत राहायचा. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की ज्याची नजर आणि बोटं चपळ, ते पोरगं लवकर चालतं. नाहीद तर मोटार वाऱ्यासारखी पळवायची. तिला त्याने आठ दिवस सांगितले होते. आज सहावा दिवस होता आणि ती सरावाच्या दांड्यांमधून एकच हात टेकून चालत होती. अंदाज आजवर एक-दोन दिवसांपलीकडे चुकला नव्हता. डॉक्टरसुद्धा हसत विचारायचे, “रईसभाई, याचं काय म्हणता?” त्या विचारण्याने त्याची छाती फुगायची.

दीपिका अकरा वर्षांची होती. भामरागडच्या पलीकडे, जंगलातलं गाव. मागच्या पावसाळ्यात तिला साप चावला. नाल्याला पूर होता. खाटेवर घालून दवाखान्यात आणेपर्यंत दोन दिवस गेले. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी पाय तयार झाला. रईसभाईने स्वतः पट्टे आवळले आणि तिला दोन दांड्यांच्या मधे उभं केलं.

“आज फक्त उभी राह्यजो. पाच मिनिटं. दोन्ही हात दांडीवर. समजलं?”

दीपिकाने मान हलवली. एकदा नव्या पायावर भार दिला. मग दुसऱ्यावर. पुन्हा नव्यावर. रईसभाई खाली पडलेला पाना उचलायला वाकला आणि त्याने मान वर केली तेव्हा दांड्या रिकाम्या होत्या.

“हात सोडू नको! पडशील!”

तो धावला. पण ती पडत नव्हती. दोन्ही हात जरासे पसरून, नजर समोर ठेवून ती चालत होती. पाऊल टाकलं की क्षणभर थांबत होती, अंगाचा तोल पायाच्या मधोमध आणत होती, आणि पुढचं पाऊल उचलत होती. हेच तर रईसभाई लोकांना पंधरा-पंधरा दिवस ओरडून शिकवायचा. खिडकीपाशी ती थोडी डगमगली. त्याने धरायला हात पुढे केले. तिने कंबर किंचित झुकवून तोल सावरला, वळली आणि परत आली. नाहीदच्या हातातलं बटणांचं खोकं कधीच खाली पडलं होतं. पडद्यावरची मोटार कठड्याला लागून घरघरत होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“पुन्हा चाल,” रईसभाई म्हणाला.

ती पुन्हा चालली. मग पायरी उतरून अंगणात गेली. मग पायरी चढून आली.

“बाई, खरं सांगा,” तो कलाबाईकडे वळला. “हिले आधी कुठी पाय बसवला होता?”

“नाई, भाऊ.”

“मग हे शिकवलं कोणी?”

कलाबाई दाराशी बसली होती. पोरगी दांड्या सोडून निघाली तेव्हाही ती जागची उठली नव्हती. तिने डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि मान ताठ केली.

“शिकवलं कोणी नाई. खेळते ना ते. पावसाळ्यात आमच्या गावात गुडघागुडघा चिखल राह्यते. मग पोरं गेडी करतात. दोन बांबू घेतात, एकेकाले पायरीवानी खुंटी बांधतात, अन् वर चढून गावभर फिरतात. हे चार वर्साची होती तवापासून गेडीवर. धावते, नाचते, नाला पार करते.”

“पण बाई, हा तर पाय आहे. अन् नवा. हिले भेव नाई वाटलं?”

“भेव काऊन वाटन, भाऊ?” कलाबाई म्हणाली. “तवा तर दोन्ही पाय बांबूचे राहत. आता एक तिचा सोताचा आहे.”