कुरवाच्या उवा

तारापूरच्या समुद्रात होडी उलटली, तेव्हा गेलेल्यांत जयवंतीच्या धीरजलाही धरलं होतं. घराने सुतक पाळलं, फोटोला हार घातला. आणि परवा संध्याकाळी तो आपल्या पायांनी दारात येऊन उभा राहिला. जयवंतीने लेकावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, हार चुलीत टाकला आणि कुठे होतास म्हणून एका शब्दाने विचारलं नाही.

आज दुपारी त्याने किनाऱ्यावरून एक आजारी कुरव उचलून आणला. पडवीत बसून तो त्या पांढऱ्या पाखराला मांडीवर गोंजारत होता. बघता बघता पाखराने मान टाकली.

"सोड ते, पोरा," जयवंती म्हणाली. "अंग थंड पडलं का उवा निघतात, नि ऊब मिळेल तिथं चढतात." मेलेल्या कोंबड्या उचलताना तिने हे कितीदा सोसलं होतं.

"माझ्या अंगावर नाय चढत, आई."

पिसांतून बारीक करड्या उवा बाहेर पडू लागल्याच होत्या. त्या झाडायला तिने त्याचा हात हातात घेतला. उवा त्याच्या बोटांवर आल्या, पण क्षणभरही रेंगाळल्या नाहीत. तळवा, मनगट ओलांडून त्या सरळ तिच्या हातावर चढल्या आणि पदरात शिरल्या.

जयवंतीने हात झाडला नाही. उलट लेकाचे दोन्ही हात घट्ट धरले आणि लहानपणी भिजून आल्यावर चोळायची तसे चोळू लागली.

"नको चोळू, आई," तो खाली मान घालून म्हणाला. "तुझेपण गार पडतील."

तिने हात सोडले नाहीत. पदरात शिरलेल्या उवा हळूहळू बाहेर आल्या आणि जमिनीवर उतरू लागल्या.