मशीनला आलेली चक्कर

गोरेगावच्या अॅनिमेशन स्टुडिओत माझाच कॉम्प्युटर रोज बंद पडायचा. “उपास तू करतेस आणि चक्कर मशीनला येते?” प्रज्योत सर सगळ्यांसमोर हसले आणि निष्काळजीपणाचा मेमो त्यांनी माझ्या हातात दिला. मी रॅम बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं; संशय उरला फक्त प्रोसेसरवर. “दुसऱ्या मशीनमध्ये घालून बघू, सर?” “घाल गं कुठेही, डोकं नको खाऊस.” सोमवारी निर्माते मालिकेतला राक्षस बघायला येणार होते. सकाळी पूजा आटोपून मी लवकर गेले, देवाला गंध लावावं तशी प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट लावली आणि माझ्या आणि सरांच्या प्रोसेसरांची अदलाबदल केली. निर्मात्यांसमोर राक्षसाने तोंड उघडलं आणि सरांचा कॉम्प्युटर बंद पडला. माझा मात्र चालूच राहिला. “काय केलंस तू?” सर ओरडले. “निदान, सर,” मी हळूच म्हटलं. “आता तो मेमो यांच्यासमोरच फाडा.”