पिवळ्या गाडीची खंडेनवमी

“ह्यो जोड कुनी दिला रं?” गाडीखालून नामामिस्त्रीचा आवाज आला.

“मीच दिला, मामा. चांगला भक्कम हाय,” त्याचा जावई गजा म्हणाला आणि उगाच टायरवरून हात फिरवू लागला.

उद्या दसरा. उद्या सकाळी ही पिवळी गाडी चौक गावातून सुटणार आणि खोपोलीच्या वाल्मिकच्या लाल गाडीशी खोपोलीपर्यंत शर्यत लावणार, हे एव्हाना सगळ्या पंचक्रोशीला पाठ झालं होतं. मिलिटरीच्या भंगारातली जीप, तिच्यात ट्रकचं इंजिन, वरचा पत्रा गजाने स्वतः ठोकून काढलेला. गाडी सुरू केली की समोरच्या धाब्यावरच्या कपबशा खुळखुळत. गजाच्या शेजारी बसणार होती त्याची बायको गौरा. तिने तसं सगळ्या आळीला सांगूनही टाकलं होतं. वाऱ्यावर उडू नये म्हणून नव्या लुगड्याचा पदर कुठे खोचायचा, यावर शेजारणींत दोन तट पडले होते.

नामामिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला. थोरल्या लेकीकडे कशेळ्याला राहून तो आजच परतला होता. तेवढ्या दिवसांत जावयाने पराक्रम करून ठेवला होता. गाडीचं नाक खाली बसावं म्हणून त्याने पुढच्या स्प्रिंगचे काही पाटे काढून टाकले. नाक खाली आलं, तर चाकं वळवणारा दांडा घासायला लागला. मग गजाने तो दांडा कापला, वाकवला आणि गॅसने पुन्हा जोडला. वर काळा रंग मारला.

“रंग कशाला मारलास ते कळलं मला,” मिस्त्री म्हणाला. “एका खड्ड्यात आपटली की ह्यो तुटंल. स्टिअरिंग ऱ्हाईल तुज्या हातात आनि चाकं जातील त्यांच्या वाटंनं. आत्ताच्या आत्ता काढ.”

“काढला असता. पन पाने पूजेला बसलेत ना, मामा.”

भिंतीशी पाटावर पाने, हातोडे, पकडी, जॅक, सगळी हत्यारं मांडलेली होती. वर झेंडूची फुलं, हळदकुंकू. खंडेनवमीची पूजा. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम खुद्द नामामिस्त्रीचा. एका नवमीला दारात वऱ्हाडाची बस बंद पडली होती. मिस्त्रीने नवरदेवाला टेंपोत बसवून पाठवलं, सगळ्या वऱ्हाडाला जेवू घातलं, पण पाना उचलला नाही. एरवी गॅरेजची पूजा दिवेलागणीला होई. यंदा गजाने ती सकाळीच, सासरा यायच्या आत उरकून घेतली होती. कधी देवळाची पायरी न चढणाऱ्या जावयाला एवढी भक्ती कुठून फुटली, ते मिस्त्रीला आता उमगलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलणार कोणाला?

“मग उद्या उत्तरपूजा झाली की आधी दांडा बदल.”

“उद्या वाल्मिक दारात उभा असंल. त्याला काय सांगू? थांब जरा, सासरा भ्यालाय?”

मिस्त्री खरंच भ्याला होता. त्याचा हात पान्याकडे गेला आणि फुलांपाशीच थांबला. मोडायचा म्हटला तरी जन्माचा नियम एका क्षणात मोडत नाही.

गौरा दारातून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. कोणी काही विचारायच्या आत तिने पिवळ्या पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, स्टिअरिंगला झेंडूची माळ घातली, अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

“अगं, ह्ये काय?” गजा ओरडला.

“गाडी पन हत्यारच की. बसली पूजेला. आता उत्तरपूजा होईस्तवर जागची हलायची नाय.”

“सकाळी निघायचंय गं!”

“निघा की. सकाळी आधी पान्यांची उत्तरपूजा, मंग गाडीची. मधल्या येळात काय करायचं ते तुमी नि बाबा बघा.”

नामामिस्त्री इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

दसऱ्याला उजाडतानाच हायवेच्या दोन्ही बाजूंना माणसं लोटली. धाब्यावर बसायला जागा उरली नाही. पोरं झाडांवर चढली. धूर सोडत, हॉर्न वाजवत वाल्मिकची लाल गाडी आली. तिचं नाकही रस्ता हुंगत होतं.

“काय गजाशेट? देव पावला का नाय अजून?” गाडीवरची हळदकुंकवाची बोटं बघून वाल्मिक ओरडला. लोक फिदीफिदी हसले. गजाचे कान तापले.

“मामा, आटपा लवकर!”

मिस्त्रीने अक्षता टाकून पाने हलवले, त्यांची उत्तरपूजा उरकली, दांडा सोडवून ऐरणीवर ठेवला आणि हातोडा गजाच्या हातात दिला. “भक्कम हाय ना? मार.”

गजाने तोऱ्यात घाव घातला. पहिल्याच घावाला दांडा जोडावर काटकीसारखा तुटला.

गजाने तुकड्याकडे पाहिलं, मग गौराकडे पाहिलं. ती नवं लुगडं नेसून, पदर कमरेला घट्ट खोचून उभी होती.

“अखंड दांडा हाय आपल्याकडं. ह्यो घे,” मिस्त्री म्हणाला. “आनि पाटे परत चढव. नाक वर आलं तर येऊ दे.”

गजा गाडीखाली शिरला.

वाल्मिकने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, तुटका तुकडा उचलून त्याने उलटसुलट पाहिला. मग आपल्या लाल गाडीच्या पुढच्या चाकांपाशी जाऊन वाकला. तिथल्या दांड्यालाही जोड होता, वर काळा रंग होता. बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा त्याचा आवाज पार खाली आला होता.

“वहिनी,” तो गौराला म्हणाला, “हळदकुंकू उरलंय का जरा?”