वरणभातावरचं तूप

"ताई, तूप वाढ, नाहीतर मी जेवणार नाही," म्हणत माझा धाकटा भाऊ दिगंबर रोज भांडायचा. तुपाची बरणी मी कुलपात ठेवायचे. ज्या गोळीनं त्याच्या कानात बोलणारे आवाज थांबले, तिनंच त्याच्या रक्तातली चरबी वाढवली होती. पण ते भांडण मला आवडायचं. गोळी सुरू होण्याआधी कित्येक वर्षं तो फक्त भिंतीशी बोलत होता.

आज सकाळी त्याचं रक्त तपासायला दिलं. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी फारच घटल्यात. साधा तापही जिवावर बेतेल. गोळी आजपासून बंद करा."

"चरबी वाढली म्हणून तूप बंद केलं. आता पेशी घटल्या म्हणून गोळीच बंद? मग मी करू तरी काय?"

"दुसरं औषध बघू," ते म्हणाले. दुसरी औषधं कधीच करून झाली होती.

रागारागानं मी बरणी काढली आणि त्याच्या भातावर डावभर तूप ओतलं.

तो तुपाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"गोळी बंद केली?"

मला खोटं बोलता आलं नाही.

त्यानं ताट माझ्याकडे सरकवलं. "तूप काढून घे, ताई. मी परत नाही मागणार. गोळी तेवढी बंद करू नकोस."