निरोपाच्या कवड्या

"ह्याही नकोत, फुटक्या आहेत," म्हातारी तेउरा म्हणाली आणि कवड्यांचं ताट तिने सुनेकडे परत सरकवलं.

मारेवाने कपाळाला हात लावला. ही तिसरी खेप. आज गुरुवार, आणि शनिवारी सासूबाईंचं विमान. थोरल्या मुलाकडे, समुद्रापार नुमेआ शहरात, कायमचं. येणाऱ्याच्या गळ्यात फुलांचा हार आणि जाणाऱ्याच्या गळ्यात कवड्यांचा, हे ताहितीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यातून तेउरा म्हणजे कुणी साधी बाई नव्हे. चाळीस वर्षं पापीते शहरातली माणसं तिने ओवलेले हार घालून घराबाहेर पडली होती. अशा बाईला कसलातरी हार घालून धाडलं, तर विमानतळावर गल्लीतल्या बायका सुनेच्या तोंडात शेण घालायला कमी करणार नाहीत.

"चांगला हार झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही," असं म्हातारीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

'कवडीमोल' हा शब्द ज्याने काढला, त्याने पापीतेचा बाजार पाहिलेला नसावा. वरच्या मजल्यावरच्या अस्सल पिवळ्या कवड्यांचा भाव ऐकून मारेवा जिना उतरून खाली आली होती. मग तिने चिनी दुकानातून स्वस्तातली तीन पाकिटं आणली. म्हातारीने त्यातली एक कवडी जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"रंगवलेली आहे गं! माझ्या गळ्यात घालतेस की माझा गळा रंगवतेस?"

मारेवा एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम करायची. परत जाणारे पाहुणे निरोपाचे हार खोलीतच टाकून जातात आणि झाडणाऱ्या बायका ते स्वस्तात विकतात. तिने अकरा हार घेतले, दोरे कापले, कवड्या साबणाने धुतल्या. त्याही म्हातारीने परत केल्या.

"दुसऱ्यांना दिलेला निरोप मला कशाला?"

शेवटी तुआमोतू बेटांवरच्या मावशीने पाच वार फुलाफुलांच्या कापडाच्या बदल्यात बोटीने एक डबा पाठवला. पिवळ्याधमक, समुद्रातून जिवंत वेचलेल्या कवड्या. त्यांनाच म्हातारी आता फुटक्या म्हणत होती.

मारेवा ताट घेऊन दारात बसली. निदान चांगल्या तेवढ्या निवडू, असं तिने ठरवलं. कवडीच्या तोंडावरून नख फिरवायचं, अडकलं तर फुटकी. हे तिला सासूबाईंनीच शिकवलं होतं, लग्न होऊन ती ह्या घरात आली त्या वर्षी, तिची बोटं आपल्या बोटांत धरून. तिने शंभर कवड्या तपासल्या, दीडशे तपासल्या. नख एकदाही अडकलं नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू होता, आता बोटंही गेली, असं वाटून तिला म्हातारीची दया आली. पण खात्री करावी म्हणून तिने हॉटेलच्या कवड्यांतली एक मुद्दाम तुटक्या कडेची उचलली आणि सासूबाईंच्या हातावर ठेवली.

"आई, ही बघा जरा."

"फुटकी," नख टेकतं न टेकतं तोच म्हातारी म्हणाली. "दोन दात गेलेत हिचे. माझ्यासारखीच आहे."

मारेवाने ताटातली एक अखंड कवडी दिली. म्हातारीचं नख तिच्या तोंडावरून एकदा फिरलं, मग पुन्हा एकदा, हळूच, माया करावी तसं.

"हीसुद्धा," ती शेवटी म्हणाली आणि मान वळवून भिंतीकडे बघू लागली.

मारेवाच्या लक्षात आलं. बोटं गेली नव्हती. बोटांना सगळं कळत होतं. मग तिला महिन्यापूर्वीची दुपार आठवली. कपडे वाळत घालता घालता, दमून आणि वैतागून, ती फोनवर थोरल्या दिरांना म्हणाली होती, "घर लहान पडतं हो भाऊजी." म्हातारी तेव्हा दारातच बसलेली होती. आठ दिवसांत तिकीट आलं. मुलगे बोलले, गल्ली बोलली. आईंना जायचंय का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. तिनेसुद्धा नाही. मारेवाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथे बसवेना.

"मी बाजारात जाऊन येते," ती म्हणाली.

"जा," म्हातारी म्हणाली. "पण घाई करू नकोस. नीट बघून आण."

वाटेत मारेवाने नुमेआला फोन लावला आणि दिरांशी दोनच वाक्यं बोलली. बाजारात ती वरच्या मजल्यावर गेलीच नाही. खालीच तिचं काम दहा मिनिटांत झालं.

ती घरी आली तेव्हा म्हातारी तशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर ताट होतं आणि बोटं कवड्यांतून फिरत होती. मारेवा दारातून आत आली तशी ती बोटं थांबली. म्हातारीने नाक वर करून वास घेतला. ताज्या तियारेच्या फुलांचा वास कुणापासून लपत नाही.

"फुलांचा हार?" ती गडबडीने केस सारखे करत म्हणाली. "अगं, कोण आलंय?"

मारेवाने हार तिच्या गळ्यात घातला.

"तुम्ही."